बन्याजीभाऊंची राखीव खुर्ची

बन्याजीभाऊंच्या दुकानात एक खुर्ची आहे. सागवानी, हातांच्या टोकांना छान गोलाई दिलेली, बैठकीला वेताची जाळी. दुकानात बाकी बसायला काय, तर भुश्याचं पोतं, एक लंगडं स्टूल आणि उंबरा. त्यामुळे आत येणारा माणूस साहजिकच त्या खुर्चीकडे वळतो, आणि वळला की रंध्याचा आवाज थांबतो.

"तिथं नको. ती राखीव हाय."

एकदा सरकारी कचेरीतले एक मोठे साहेब गणपतीचा पाट सांगायला आले होते. साहेबांना उभं राहायची सवय नव्हती.

"कुणासाठी राखीव?" त्यांनी विचारलं.

"एलियाहू हन्नाबीसाठी."

"कधी येणार आहेत?"

"येणार हे लिहिलंय. टाइम नाय लिहिलेला."

"म्हणजे एसटीसारखंच," साहेबांच्या मागे उभा असलेला शिपाई पुटपुटला. साहेब मुकाट्याने भुश्याच्या पोत्यावर बसले. उठले तेव्हा त्यांची काळी पँट मागून सागवानी झाली होती. बन्याजीभाऊंनी ती स्वतःच्या हाताने झटकून दिली, पाटाला दोन पैसे कमी लावले, पण खुर्ची दिली नाही.

पेणमध्ये बन्याजीभाऊंना ओळखत नाही असा गणपतीवाला सापडायचा नाही. कागदोपत्री नाव बेंजामिन जितेकर. ते बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी यहुदी. पूर्वज गलबत फुटून आमच्या किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. इथे त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. बन्याजीभाऊंच्या आजोबांचा घाणा जित्याला होता. वडिलांनी रंधा हातात धरला आणि पेणला आले. आता त्यांच्यातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. त्यांच्या पुऱ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि मोजदाद नवावर अडते, तेव्हा सणाच्या आदल्या दिवशी रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून निरोप येतो. बन्याजीभाऊ धुतलेला सदरा पिशवीत घालून रोह्याची गाडी पकडतात. स्टेशनवर कुणी विचारलंच, तर "मी तिथं दहावा हाय" असं सांगतात. एखाद्याने आपला हुद्दा सांगावा तसं.

मूर्तींच्या गावात हा मूर्ती न मानणारा माणूस सुतारकाम करतो, ते गणपतीच्या पाटांचं आणि चौरंगांचं. "आमच्यात मूर्ती चालत नाय," ते म्हणतात, "पण पाहुण्याला बसायला द्यायचं नाय असं कुठं लिहिलंय?" पाटावर वेलबुट्टी मागा, मिळेल. एका कारखानदाराने हट्ट धरला, की कडेला उंदीर कोरून द्या.

"उंदीर नाय जमणार."

"अहो, देव नको, नुसता उंदीर!"

"वर आकाशात, खाली जमिनीवर जे जे हाय त्याची आकृती नाय काढायची. उंदीर जमिनीवर हाय का नाय?"

"आणि ही फुलं कुठे असतात?"

यावर बन्याजीभाऊंनी पाट उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "फुलं वाकडी येतात माझी. ओळखू येत नायत." आणि खरंच, त्यांच्या पाटावरचं कमळ हे कमळ आहे असं सांगावं लागतं.

आता एलियाहू. हा त्यांचा फार जुना नबी. तो मेला नाही, अग्निरथातून सदेह वर गेला. अलिबागेकडच्या एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांचे वण आहेत, अशी त्यांच्या लोकांची श्रद्धा आहे. तिथे जाऊन ते पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करतात. जुन्या नबींनी सांगून ठेवलंय म्हणे, की तो भयंकर मोठा दिवस यायच्या आधी सूर्य काळा पडेल, चंद्र रक्तासारखा होईल, धुराचे खांब उठतील आणि त्या दिवसाच्या पुढे एलियाहू परत येईल.

"येताना पेणवरनंच जाणार," बन्याजीभाऊ खात्रीने सांगतात. "अलिबागेवरनं निघाला, की धरमतरची खाडी, मग पेण. लांबचा परवास. बसायला नको?"

"आमच्या रस्त्याला अग्निरथच पाहिजे," मी म्हणायचो. "दुसरं काही टिकायचं नाही."

तर ते खुणांवर नजर ठेवून असतात. त्यासाठी एक जाडजूड वही आहे. तिच्यात आकाशात काय दिसलं, कुणी पाहिलं आणि शेवटी शेरा. मी ती वही अनेकदा चाळली आहे. शेरा एकच, "नामंजूर". आपल्या गावात खुळा म्हणून नावाजलेला हा माणूस प्रत्यक्षात मी पाहिलेला सर्वांत कडक परीक्षक आहे, हे मला आज कळतं. धरमतरच्या बाजूला लालबुंद चंद्र मावळला, नामंजूर. का? "खाडीकडं कंपनी हाय. धूर तिचा, आग तिची. तिच्या अंगावरनं उतरलेला चंद्र धरायचा नाय." सूर्याला खळं पडलं, नामंजूर. एकदा संध्याकाळी ओळीने वीस-पंचवीस दिवे आकाशातून सरकत गेले आणि अर्धी आळी त्यांच्या दुकानाकडे धावली. "काका, काका, आकाशातनं आगगाडी चाललीय!" बन्याजीभाऊंनी चष्मा पुसून वर पाहिलं.

"ओळीत चाललेत ना? मग माणसाचं काम. देवाला लायन लागत नाय."

नंतर पेपरात आलं, की ते उपग्रह होते.

आणि ग्रहणं? ती तर वहीत चढायचीच नाहीत. "कालनिर्णयात छापून येतं ती खूण कसली?" ते म्हणायचे. "देव आपलं पत्र आधी छापखान्यात नाय धाडत."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. कारण मी या वाक्याचा खून केला आणि हा सगळा लेख त्यापायी लिहितो आहे.

आधी दुकानातली आणखी दोन माणसं सांगतो. एक हौसाबाई. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली. पाटांना पॉलिशपेपर मारायला म्हणून वीस वर्षांपूर्वी आली आणि नवऱ्यासह दुकानामागच्या खोलीत राहिली. बन्याजीभाऊ नबींचं सांगायला लागले, की ती म्हणते, "लिवलेलं ऱ्हाऊ द्या लिवलेलं. च्या निवला." दुसरा मी. इथल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश, रेखांश, ग्रहणं, भरती-ओहोटी. निवृत्तीनंतर गावातल्या साप्ताहिकात गमतीचं सदर लिहायचो. लोक म्हणायचे, मास्तर झकास लिहितात. याची चटक लागते.

बन्याजीभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून शनिवारी संध्याकाळी मी त्यांचा साक्षीदार आहे. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. तोवर काम नाही, दिवा लावणं नाही, फोनला हात नाही. आणि तारे एकाने पाहून चालत नाहीत. "दोन साक्षीदार पायजेल." म्हणून मी आणि हौसा उंबऱ्यापुढे माना वर करून उभे राहतो.

"तीन!" मी जाहीर करायचो. मला घरी जाऊन बातम्या बघायच्या असायच्या.

"खंयचे तीन?" हौसा. "मला दोनच दिसतात."

"तो काय, नारळाच्या वर."

"त्यो टॉवरचा दिवा हाय, मास्तर. लाल हाय त्यो. तारा लाल असतो व्हय?"

"असतो. मंगळ लाल असतो."

"मंगळ तारा हाय का ग्रह?" उंबऱ्यावरून बन्याजीभाऊ विचारायचे, आणि भूगोलाचा मास्तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा.

त्या दुकानाची आणखी एक गंमत म्हणजे भिंतीवरचं दुसरं घड्याळ. पहिलं बरोबर चालायचं. दुसरं हिवाळ्यात साडेतीन तास मागे असायचं आणि उन्हाळ्यात अडीच. सूतभर चूक खपवून न घेणाऱ्या माणसाच्या भिंतीवर हे असलं घड्याळ! मी सगळ्यांना सांगायचो, "बन्याजीभाऊंचं घड्याळ ऋतुमानाप्रमाणे बिघडतं." ते नुसते हसायचे.

आता माझ्या लेखाचं.

सहाएक वर्षं झाली. थंडीत सकाळचं सूर्यग्रहण होतं. शाळेने मला मुलांना ते दाखवायला बोलावलं. सूर्याची प्रतिमा पाडायला लाकडी खोकी हवी होती, म्हणून मी बन्याजीभाऊंकडे गेलो. त्यांनी खोकी फुकट करून दिली, आणि मी सहज विचारलं, "काय भाऊ, ही खूण मंजूर की नाही? सूर्य काळा पडतोय." तेव्हा भाऊ ते छापखान्याचं वाक्य बोलले. वर म्हणाले, "पोरांना सांगा, भिऊ नका म्हणून. हे गणितातलं हाय."

घरी येऊन लिहायला बसलो. जे ते बोलले ते शहाणपणाचं होतं, आणि शहाणपणावर हसू येत नाही. मला रविवारच्या अंकासाठी हसू हवं होतं. मी मथळा दिला, "गुरुवारी जग बुडणार!" खाली लिहिलं, की आमच्या गावच्या पाटवाल्या भविष्यवेत्त्यांनी जाहीर केलं आहे, की ग्रहण सुटायच्या आत सगळं आटोपणार, म्हणून त्यांनी पुढच्या गणपतीच्या पाटांच्या ऑर्डरी घेणं बंद केलं आहे, आणि ज्यांनी आगाऊ रक्कम दिली असेल त्यांनी ती परलोकी मागावी. नाव घातलं नव्हतं. पेणमध्ये नावाची गरज नव्हती.

लेख धो धो चालला. कात्रण फोनवरून फिरलं. गुरुवारी सकाळी लोक दुकानावरून जाताना ओरडत होते, "काका, डाळ भिजत घालू का राहू दे?" बन्याजीभाऊ पाट घासत बसले होते. मी शाळेच्या मैदानावर मुलांना सूर्य दाखवत होतो, त्यांच्याच खोक्यांतून.

गंमत अशी, की अडीच-तीन महिन्यांत टाळेबंदी आली, आणि तीच माणसं तोंडाला फडकी बांधून त्यांच्या दाराशी. "काका, तुम्ही बोलला होतात! आता हे संपणार कधी, ते पण बघा ना वहीत." बन्याजीभाऊ हात जोडायचे. "मी काय बोललोच नाय हो."

पण टाळेबंदीच्या आधीच त्यांचा मुलगा समसन इस्रायलला निघून गेला होता. समसन माझा विद्यार्थी. रोह्याला एका रसायनाच्या कंपनीत शिफ्टला होता. तिकडे जायचे कागद त्याने केले होते, पण जाऊ की नको असं वर्षभर चाललं होतं. आणि मग जानेवारी सरता सरता तो गेला. बापाला मिठी न मारता गेला, असं आळीत बोलत. कुणी कारण विचारलं तर मी सांगायचो, तिकडे पगार चांगले आहेत.

मला कारण ठाऊक नव्हतं, असं म्हणालो तर तो माझा दुसरा खोटा लेख होईल. माझ्या मनात ते होतं. पक्कं माहीत नव्हतं, आणि ते पक्कं होऊ नये याची मी काळजी घेतली. त्यानंतरच मी शनिवारी साक्षीदार म्हणून जायला लागलो. घरी सांगायचो, चहाला जातो.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचा छापखाना आहे. म्हणाला, "सर, तुमच्या सदराचं पुस्तक काढू. सुरुवातीला तोच घेऊ, जग बुडण्याचा. लोक अजून आठवण काढतात." मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. वाटलं, एकदा भाऊंना विचारून घ्यावं. पुस्तक म्हणजे कायमचं.

शनिवारी साडेपाचला गेलो. बन्याजीभाऊ धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर बसले होते. हौसा सुपात वालाच्या शेंगा सोलत होती. मी पुस्तकाचं सांगितलं.

"छापा की," बन्याजीभाऊ म्हणाले. "माणसं हसतील. हसू दे."

हौसाच्या हातातली शेंग सुपात पडली.

"छापा म्हणे! मास्तर, तुमाला म्हायती हाय, त्या कागदापायी या घरात काय झालं?"

"गो हौसा, गप."

"सहा वरसं गप ऱ्हायले, आता नाय." ती माझ्याकडे वळली. "समसन रोह्यावरनं आला. हातात त्यो कागद. म्हणतो, बाबा, कंपनीत कँटीनच्या भिंतीवर लावलाय. शिफ्टला गेलो की इचारतात, गुरुवारची रजा टाकू का? तुमी असं बोललात? ह्ये म्हणाले, नाय बोललो. तर त्यो म्हणतो, मग काय आमचे सर खोटं लिवतात? सर?"

तिने सूप बाजूला ठेवलं.

"ह्ये गप. लय येळ गप. मी आत उभी, मला वाटलं, आता सांगतील. तर म्हणाले, सर खोटं नाय लिवणार. बोललो असंन मी."

समोरच्या रस्त्याने कुणीतरी मूर्तीचे साचे हातगाडीवरून नेत होतं. त्याची चाकं बराच वेळ वाजत राहिली.

"पोरगा म्हणाला, तुमच्या खुणा तुमाला लखलाभ. दुसऱ्याच मयन्यात गेला. तवापास्नं फोन नाय."

मी उभाच होतो. बन्याजीभाऊ पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत होते.

"भाऊ, मी खोटंच लिहिलं होतं," मी म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने.

"मला म्हायती हाय. मी बोललोच नव्हतो, तर मला म्हायती नसंल?"

"मग तसं त्याला सांगितलं का नाही?"

ते चपलेकडेच बघत बोलले.

"त्याची आई गेली तेव्हा तो नववीत होता. शाळेत जायचा नाय. तुम्ही रोज घरी यायचात, सायकलवर मागं बसवून न्यायचात. आठवतं? मला तर तेव्हा धड रडता पण येत नव्हतं, त्याला धीर काय देणार. त्या वक्ताला त्यानं एक माणूस धरला. एकच. तो मी नव्हतो." त्यांनी वर पाहिलं. "तो पण खोटा निघाला असता, तर त्याच्यापाशी राहिलं काय असतं, मास्तर?"

मी खिशातून फोन काढला. समसनच्या दहावीच्या तुकडीचा फोनवर गट आहे, त्यात मी आहे, त्यात समसनही आहे. त्याचा नंबर सहा वर्षं माझ्या खिशात होता.

"मी आत्ता त्याला सांगतो."

"आत्ता नाय. शब्बाथ हाय. माझ्या दारात फोन नको."

"मग तारे निघाले की लगेच."

"निघू दे," ते म्हणाले. मग विचारलं, "मास्तर, इतकी वरसं तुम्ही माझी थट्टा केलीत. पण एलियाहू येऊन करणार काय, ते कधी इचारलंत?"

"तो... तो भयंकर दिवस..."

"तो दिवस मागनं. एलियाहू त्याच्या आधी येणार, एका कामासाठी. पार शेवटाला लिहिलंय, तिथपोत कुणी वाचत नाय. बापांची मनं पोरांकडं फिरवायची नि पोरांची बापांकडं. एवढंच. आन त्याच्यासाठी सूर्य काळा करायला लागतो, बघा."

बसायला म्हणून मी भुश्याच्या पोत्याकडे वळलो.

"तिथं नको," बन्याजीभाऊ म्हणाले. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "तिथं बसा."

हौसाने तोंडावर पदर धरला.

"भाऊ, ती राखीव आहे."

"म्हायती हाय. तो आला की उठा."

मी बसलो. खुर्ची दारासमोर अशी ठेवलेली आहे, की बसणाऱ्याला आळीच्या वरचं आकाश सरळ दिसतं. त्यांनी ती मुद्दाम तशी ठेवली असणार. उजेड उतरत गेला. नारळाच्या डावीकडे एक तारा आला. मग पत्र्याच्या वर दुसरा.

"किती?" उंबऱ्यावरून प्रश्न आला.

माझ्या हातात फोन होता आणि जीव घाईला आला होता. टॉवरचा लाल दिवा लागलेलाच होता.

"दोनच," मी म्हणालो.

"अगो बाय," हौसा म्हणाली, "आज मास्तरांना दोनच दिसतात!"

तिसरा यायला आणखी सात-आठ मिनिटं गेली. तो आम्ही दोघांनी पाहिला, एकाच वेळी. बन्याजीभाऊंनी उठून आपली प्रार्थना म्हटली, दिवा लावला, आणि मी नंबर काढला.

"थांबा," ते म्हणाले. "तिकडं अजून ऊन हाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. एका रेखांशाला चार मिनिटं, हे मी एकतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. बन्याजीभाऊंनी भिंतीकडे मान केली. पहिल्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं. दुसऱ्यात तीन पस्तीस.

ऋतुमानाप्रमाणे बिघडणारं घड्याळ. उन्हाळ्यात इस्रायलला काटे तासभर पुढे करतात, तेव्हा हेही पुढे होतं, एवढंच. भूगोलाच्या मास्तरने त्याच्यावर इतकी वर्षं विनोद केले.

"तुमी तीन मोजून घरी जाता," हौसा हळू म्हणाली. "ह्ये इथंच बसतात. तिकडचे तीन निघंपोत. दर शनवारी. लोक म्हणतात, म्हातारा आभाळात परलय बघतो."

"तो पाळतो का पण शब्बाथ तिकडं?" मी विचारलं. "नसेल पाळत तर आत्ताही उचलेल."

"पाळत असंल तर उचलायचा नाय," बन्याजीभाऊ म्हणाले. "नसंल पाळत, तर मला कळायला नको."

मग आम्ही थांबलो. हौसाने वालाचं बिरडं आणि भाकरी दिली. भाऊंनी वाट बघता बघता एक चौरंगाचा पाय तासून घेतला. मी घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल. बायकोने विचारलं, किती? मी भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे बघून म्हणालो, सहा वाजेपर्यंत. ती म्हणाली, तुम्हाला बरं वाटतंय ना?

साडेनवाच्या सुमारास बन्याजीभाऊंनी चौरंगाचा पाय खाली ठेवला आणि हातावरचा भुसा पुसला. "आता निघाले असतील," ते म्हणाले.

फोन बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला, आणि मागे भांड्यांचा आवाज आला.

"सर?"

आवाज जाड झाला होता, पण हाक नववीतलीच होती.

मी जे बोललो ते इथे पुन्हा देत नाही. या लेखाच्या वर आहे तेच, फक्त कमी शब्दांत आणि जास्त अडखळत. तुझे बाबा तसं बोललेच नव्हते. ते बोलले ते याच्या उलटं होतं. खोटं मी लिहिलं. आणि मला सांभाळायला म्हणून नव्हे, तुला सांभाळायला म्हणून ते गप्प राहिले. पलीकडची भांडी थांबली. मला वाटलं, फोन कट झाला.

"बाबा आहेत तिथं?" समसनने विचारलं.

मी फोन पुढे केला. बन्याजीभाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पाट घेतात तसा. कानाला लावला. हौसा खुणेने सांगत होती, बोला, बोला. त्यांनी दारातून वर आकाशाकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"समसन, तिकडं तीन दिसले का रे?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बन्याजीभाऊ मान हलवत होते, "व्हय, व्हय" म्हणत होते.

मी आवाज न करता त्या राखीव खुर्चीवरून उठलो.